अन्थिस्तेमि : समोर उभं राहणाऱ्या क्रियापदाच्या मागावर

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचं एकोणचाळिसावं वचन आमच्या मंडळीत लहान पोरालाही येतं. 'दुष्टाला अडवू नका', आणि मग तो दुसरा गाल. याकोबाच्या पत्रातलं 'सैतानाला अडवा', म्हणजे तो पळून जाईल, हेही तितकंच तोंडपाठ. पण ही दोन वचनं आम्ही कायम वेगवेगळ्या रविवारी म्हणत आलो, त्यामुळे त्यांची गाठ कधी पडली नव्हती. ती घालून दिली आमच्या बुधवारच्या बायबल अभ्यासाला येणाऱ्या, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलाने. "काकू, तुम्ही ग्रीक शिकताय ना? मग सांगा, इथे अडवू नका म्हणतात, तिथे अडवा म्हणतात. मुळात शब्द एकच आहे का दोन?"

एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. जेम्स स्ट्राँगच्या १८९० च्या शब्दसूचीत बायबलमधल्या प्रत्येक ग्रीक शब्दाला क्रमांक दिलेला आहे आणि मोबाइलमधली बरीचशी बायबल ॲप तो दाखवतात. दोन्हीकडे ४३६. अन्थिस्तेमि. अर्थ : विरोध करणे. त्या मुलाचं यावर समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही. एकाच क्रियापदाने येशू 'नको' म्हणतो आणि याकोब 'कर' म्हणतो, तर त्या क्रियापदात भरलंय काय, हे उघडून बघायलाच हवं होतं.

माझी नोकरी नगरच्या जिल्हा न्यायालयात झाली (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही), बरीचशी दिवाणी बाजूला, बेंच क्लार्क म्हणून. निवृत्तीनंतर आमच्याच मंडळीतल्या एका निवृत्त पाळकसाहेबांकडे ग्रीक शिकायला जाऊ लागले. या वयात ग्रीक कशाला, असं घरात विचारून झालं. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे : पंडिता रमाबाई. केडगावला, म्हणजे आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं मुक्ती मिशनचं, तिथे बसून बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं, आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. त्यांच्यापुढे मी एका क्रियापदाला घाबरायचं म्हणजे फारच झालं.

पाळकसाहेबांना आता कमी दिसतं, पण क्रियापदांची रूपं मुखोद्गत आहेत. त्यांची अट एकच : कोश शेवटी उघडायचा. "बाई, कोश म्हणजे निकालपत्र. तुम्ही आधी साक्षीपुरावा वाचा." माझ्या नोकरीमुळे ते माझ्याशी नेहमी याच भाषेत बोलतात.

पहिलं काम शब्द फोडण्याचं. आणि इथे, शाळेत संस्कृत घेतलेल्या कोणालाही ग्रीक परकं वाटत नाही. 'अन्ति' म्हणजे समोर, विरुद्ध. संस्कृतात 'अन्ति' आहे, समोर किंवा जवळ या अर्थी, 'अंतिक' त्यातलाच. 'हिस्तेमि' म्हणजे उभा करतो. हे आपलं 'स्था'. संस्कृतात सप्त तर ग्रीकमध्ये हेप्ता, तसा सुरुवातीचा 'स' तिथे 'ह' होतो. 'तिष्ठति'मध्ये धातूची जशी द्विरुक्ती आहे तशीच 'हिस्तेमि'तही आहे. आता अन्ति अधिक हिस्तेमि. मधला 'इ' गळतो, 'त्' आणि 'ह' जवळ येतात आणि 'थ' होतो. अन्थिस्तेमि. देवनागरीत लिहिलं की ही संधी इतकी उघडी पडते की साहेबांना ती फळ्यावर समजावून सांगावी लागली नाही. येशूच्या वचनात रूप आहे 'अन्तिस्तेनाइ'. तिथे धातूची द्विरुक्ती नाही, म्हणून 'ह' नाही, म्हणून 'त' शाबूत. अर्थ : समोर उभं राहणं. शब्दाच्या हाडामांसात अडवणं नाही, मारणं नाही, नुसतं उभं राहणं आहे, कोणाच्या तरी तोंडासमोर.

अर्थात व्युत्पत्तीवरून अर्थ ठरत नसतो, वापरावरून ठरतो. त्यासाठी चिठ्ठ्या. नव्या करारात हे क्रियापद एकंदर चौदा वेळा येतं. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे करून प्रत्येकावर एक जागा लिहिली : कोण उभं राहतं, कोणासमोर, कुठे, आणि कशाने. हा शेवटचा रकाना साहेबांनी घालायला लावला. हातात तलवार आहे, की तोंडात शब्द?

चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. लूकच्या एकविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की तुम्हाला राजे आणि सुभेदार यांच्यापुढे नेतील, तेव्हा मी तुम्हाला असं तोंड आणि अशी बुद्धी देईन की तुमच्या विरोधकांना समोर टिकता येणार नाही की उलटं बोलता येणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाशी वाद घालणाऱ्यांना त्याच्या ज्ञानापुढे उभं राहता येत नाही (आणि मग ते खोटे साक्षीदार उभे करतात, हे पुढे कामाला येणार होतं). त्याच पुस्तकात पुढे, सायप्रसच्या पफे गावात, सुभेदार सर्ग्य पौल याच्यासमोर अलीम नावाचा जादूगार बर्णबा आणि शौल (म्हणजेच प्रेषित पौल) यांना आडवा जातो. गलतीकरांच्या पत्रात तर पौल खुद्द पेत्राला अंत्युखियात तोंडावर आडवा जातो, जेवणाच्या पंक्तीवरून. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात यान्नेस आणि यांब्रेस हे मोशेला फारोच्या दरबारात विरोध करतात; त्या एका वचनात हे क्रियापद दोनदा येतं. निर्गमाच्या पुस्तकात ही नावं कुठेच नाहीत, ती यहुदी परंपरेतून आलेली. त्याच पत्रात आलेक्सांद्र तांबट पौलाच्या बोलण्याला कडाडून विरोध करतो. पुण्यात तांबट आळीत राहणारी माझी एक मैत्रीण या वचनावर दर वेळी नाराज होते.

म्हणजे चौदापैकी सात ठिकाणी माणूस माणसासमोर उभा आहे आणि हत्यार आहे ते शब्दाचं, वादाचं, फार तर दरबारातल्या चढाओढीचं. उरलेल्यांत रोमकरांच्या पत्रातली तीन : एक देवाच्या इच्छेसमोर कोण उभा राहील, आणि दोन राज्यकर्त्यांच्या अधिकाराला विरोध करणाऱ्यांबद्दल. इफिसकरांच्या पत्रात चिलखत, ढाल, शिरस्त्राण घालून वाईट दिवसात टिकून राहायचं आहे; इथे लढाईचं चित्र आहे खरं, पण शत्रू रक्तमांसाचा नाही. मग याकोब, पेत्र आणि वादाची मूळ जागा, मत्तय.

पौलाची चिठ्ठी मी बाजूला काढून ठेवली. मत्तयातल्या वाक्याचा अर्थ 'कोणाच्याही विरोधात कधीच उभे राहू नका' असा असेल, तर पौलाने भर मंडळीत ते मोडलं, आणि वर फुशारकीने लिहूनही ठेवलं. योहानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकाच्या चौकशीत येशूला शिपायाने चापट मारली, तेव्हा येशूने दुसरा गाल पुढे केला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं विचारलं. इतक्या वर्षांच्या कोर्टाच्या सवयीने मला तो प्रश्न उलटतपासातला वाटतो.

आता कोश उघडायची परवानगी मिळाली. लिडेल आणि स्कॉटच्या मोठ्या ग्रीक-इंग्रजी कोशात या क्रियापदाच्या 'समोर उभं राहणे' या अर्थापुढे 'विशेषतः युद्धात' असं आहे. उदाहरणं होमरपासून. इलियडच्या विसाव्या सर्गात देव आपसात लढायला उतरतात तेव्हा हेराच्या समोर आर्तेमिस उभी ठाकते, ते हेच क्रियापद. वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने याच धाग्यावर बरंच मोठं विवेचन केलं आहे. त्याचं म्हणणं : हा लष्करी शब्द आहे, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो निम्म्याहून जास्त वेळा लढाईच्या संदर्भात येतो, तेव्हा येशू प्रतिकारालाच नाही म्हणत नसून हिंसक प्रतिकाराला, जशास तसं करण्याला नाही म्हणतो आहे. उजव्या गालावर चापट बसते ती उजव्या हाताच्या पालथ्या बाजूने, म्हणजे वरचढाने खालच्याला हिणवून मारलेली, आणि दुसरा गाल पुढे करणं म्हणजे 'मला बरोबरीचा समजून मार' असं ठणकावणं, हेही त्याने लोकप्रिय केलं. गालाबद्दलचं मला पटतं. मोजणीबद्दलचं नाही. एखादा शब्द शंभरातून साठ वेळा रणांगणावर सापडतो म्हणून एकसष्टाव्या वेळी तो तिथेच असेल असं कसं म्हणणार? जुन्या करारात लढायाच इतक्या आहेत की कुठलंही 'उभं राहणं' मोजलं तरी बरंचसं रणांगणावरच सापडेल.

मग मी त्या ग्रीक भाषांतरातच शिरले. सेप्टुअजिंट, म्हणजे सत्तरांचं भाषांतर. त्यातली पहिली पाच पुस्तकं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांसाठी ग्रीकमध्ये आली. मत्तयाचे वाचक शास्त्र ऐकत ते बहुधा याच ग्रीकमध्ये. इथे चिठ्ठ्या सत्तरच्या घरात गेल्या आणि घरच्यांनी जेवणाचं टेबल परत मागितलं.

यहोशवाला दिलेलं वचन, तुझ्यासमोर कोणी टिकणार नाही, हे रणांगणच. पण 'गणना' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात मला जे सापडलं त्याने मी थांबले. बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून निघाला आहे. वाट अरुंद. गाढवीला दिसतं की देवदूत उपसलेली तलवार घेऊन वाटेत उभा आहे, आणि ग्रीकमध्ये तो 'अन्थेस्तेकोता', आडवा उभा. गाढवी शेतात शिरते, मग कुंपणाला घासून बलामाचा पाय चेंगरते, मग चक्क बसते. शेवटी बलामाचे डोळे उघडतात आणि तो म्हणतो, तू वाटेत माझ्यासमोर उभा होतास हे मला कळलं नाही. तेच क्रियापद. देवदूताने तलवार चालवली नाही, ढकललं नाही, तो नुसता वाट अडवून उभा होता. आपलं 'आडवा येणे' याहून चपखल कुठे बसेल?

पण मत्तयातल्या वाक्यापर्यंत नेणारी वाट तिथून जात नव्हती. ती जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातून जात होती, आणि ती सापडली ती साहेबांच्या एका साध्या प्रश्नामुळे. "येशू 'अडवू नका' म्हणायच्या आधी काय म्हणतो?" डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात, असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे. "मग ते सांगितलंय कुठे, तिथे जाऊन बघा." हे वाक्य मोशेच्या नियमशास्त्रात तीन जागी आहे : निर्गम, लेवीय आणि अनुवाद. पहिल्या दोन ठिकाणी माझं क्रियापद नाही. तिसऱ्या ठिकाणी प्रसंगच कोर्टाचा. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर कोणाला दोषी धरू नये, दोघा-तिघांची साक्ष हवी. आणि खोटा साक्षीदार उभा राहिला तर दोन्ही पक्षांनी याजकांपुढे आणि न्यायाधीशांपुढे हजर व्हावं, न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, आणि त्याने खोटी साक्ष दिली, आपल्या भावाच्या विरोधात उभा राहिला असं निघालं तर त्याने भावाचं जे करायचं योजलं होतं तेच त्याचं करावं. 'विरोधात उभा राहिला' या जागी ग्रीकमध्ये 'अन्तेस्ते'. तीनच वचनं खाली : डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात.

हे मी बसल्या जागी तीनदा वाचलं. ज्या परिच्छेदातून येशू वाक्य उचलतो, त्याच परिच्छेदात हे क्रियापद आहे, आणि ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं आहे.

याच्या पुढचं तर मला कोणी तोंडी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. यशयाचा पन्नासावा अध्याय, देवाच्या सेवकाचं गीत. सहाव्या वचनात सेवक म्हणतो, मी माझी पाठ फटक्यांना दिली आणि माझे गाल चापटांना. ग्रीकमध्ये गालाला 'सिआगोन', चापटेला 'रापिस्मा'. मत्तयात गाल 'सिआगोन'च, आणि मारतो हे क्रियापद 'रापिस्मा'च्याच घरातलं. दोन वचनांनंतर सेवक विचारतो : माझ्याशी वाद मांडणारा कोण आहे? त्याने माझ्यासमोर उभं राहावं. 'अन्तिस्तेतो'. वाद मांडण्याला जे क्रियापद आहे, 'क्रिनो', तेच मत्तयाच्या पुढच्या वचनात 'तुझ्यावर फिर्याद करून' या ठिकाणी आहे. नवव्या वचनात वस्त्र, 'हिमातिऑन', आणि मत्तयाच्या चाळिसाव्या वचनात अंगरखा, तोही 'हिमातिऑन'. गाल, चापट, वाद, समोर उभं राहणं, वस्त्र. चार वचनांत एवढे शब्द योगायोगाने जुळत नाहीत. अभ्यासकांनी हे फार पूर्वी टिपून ठेवलं आहे. पण आपल्या हाताने चिठ्ठीवर चिठ्ठी ठेवून जुळलेलं पाहणं वेगळं.

आता चाळिसावं वचन. जो तुझ्यावर फिर्याद करून तुझी बंडी घेऊ पाहतो त्याला अंगरखाही घेऊ दे. (आजच्या कोर्टात फिर्याद म्हटलं की फौजदारी. हा सरळसरळ दिवाणी दावा.) मला नेहमी प्रश्न पडायचा, वादी बंडीवर का अडलाय? अंगरखा जास्त किमतीचा असतो, तो का नाही मागत? कारण निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितलंय की शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर. अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढंच आहे, तो कशावर निजेल? म्हणजे अंगरखा कायद्यानेच जप्तीबाहेर. वादी कायद्यात बसेल तेवढंच मागतो, बंडी. लूकच्या सहाव्या अध्यायात हेच वचन येतं, पण तिथे क्रम उलटा, आधी अंगरखा नेतो आणि मग बंडी. ती वाटमारी आहे, चोर आधी वरचं ओढतो. तिथे 'अन्तिस्तेनाइ' हे क्रियापदच नाही. मत्तयात आहे, आणि मत्तयात कोर्ट आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ६०. ते मला झोपेतही म्हणता येईल. ऋणकोचे, त्याच्या बायकोमुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, यांना जप्ती लागत नाही. हुकूमनामा झाला, दरखास्त लागली, वॉरंट निघालं की बेलिफ पंच घेऊन जायचा आणि परत येऊन अहवाल टेबलावर ठेवायचा. अशा एका अहवालातल्या ओळी मला अजून आठवतात : घरात वापरते कपडे, पातेली दोन, वाकळ एक. जप्त करण्याजोगे काही मिळून आले नाही. वकील वैतागले, पुढची तारीख पडली. त्या वाकळेला तीन हजार वर्षांचा जुना वशिला आहे हे तेव्हा माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

राहिली चापट. ती कोर्टात कशी बसते? मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा संग्रह, त्याच्या 'बाबा कामा' या भागात, आठव्या अध्यायात, चापटीची भरपाई ठरवून दिली आहे : साधी चापट मारली तर दोनशे झूझ (चांदीची नाणी), हाताच्या पालथ्या बाजूने मारली तर चारशे. मिश्ना संकलित झाली इसवी सन २०० च्या सुमाराला, म्हणजे येशूनंतर, हे लक्षात ठेवूनही एवढं म्हणता येतं की उजव्या गालावरची पालथी चापट हा त्या समाजात अब्रूनुकसानीचा, पैसे वसूल करता येण्याजोगा मामला होता. दुखापतीपेक्षा अपमान महाग.

वाक्यातला शेवटचा शब्दही सरळ नाही. 'तो पोनेरो', चतुर्थी विभक्ती. ही पुल्लिंगी धरली तर दुष्ट माणूस, नपुंसकलिंगी धरली तर वाईटपणा. रूप सारखंच. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने नपुंसकलिंग धरलं, आपल्या मराठीने पुल्लिंग, 'दुष्टाला'. पण पुढच्याच अध्यायात प्रभूच्या प्रार्थनेत हाच शब्द येतो तेव्हा आपण 'वाइटापासून सोडव' म्हणतो. टॉलस्टॉयने वाइटाला प्रतिकार करू नका हे सूत्र धरून राज्यसंस्था, सैन्य, कोर्ट सगळंच नाकारलं. त्याचं १८९४ चं पुस्तक, रशियात बंदी असलेलं, दक्षिण आफ्रिकेत तरुण गांधीजींच्या हाती पडलं आणि पुढचं आपल्याला ठाऊक आहे. गंमत अशी की गांधीजींनी त्यातून जे घडवलं तो प्रतिकारच होता, समोर उभं राहणंच होतं. माझ्या मते व्याकरणदृष्ट्या इथे माणूसच बसतो, कारण पुढे लगेच गालावर मारणारा, दावा लावणारा अशी माणसंच येतात.

एवढं सगळं घेऊन मी बुधवारी गेले. माझं म्हणणं मांडलं ते असं : येशू इथे आपल्यावर अन्याय करणाऱ्याच्या विरोधात बदला मागायला उभं राहू नका म्हणतो आहे. 'अडवू नका' म्हटलं की डोळ्यासमोर रस्ता, दार, हात येतात. इथे मात्र समोर कचेरी आहे. त्या मुलाने लगेच विचारलं, मग याकोबाचं काय? त्याला पेत्राचं पहिलं पत्र दाखवलं. तिथे आठव्या वचनात सैतान हा तुमचा 'अन्तिदिकोस', अक्षरशः दाव्यातला प्रतिपक्ष, आणि नवव्यात हेच क्रियापद : त्याच्याविरुद्ध उभे राहा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात 'अन्तिदिकोस' माणूस आहे आणि त्याच्याशी वाटेतच लवकर समेट कर असं सांगितलंय. माणूस असेल तर तडजोड, सैतान असेल तर माघार नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे केस कोणाशी आहे यावर आहे." होय, तसंच.

पण खरी हरकत आली मागच्या बाकावरून. सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर उठल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं कोर्ट मला जास्त भीती घालतंय. इतके दिवस नवऱ्याने मारलं तर दुसरा गाल कर एवढंच बायकांना सांगत होते. आता पोटगीचा दावासुद्धा लावू नको म्हणतील." सगळे गप्प झाले. मी पोटगीच्या फायली हाताळलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. अनुवादाचा परिच्छेद पुन्हा उघडला. तिथे मागणी आहे ती डोळ्याच्या बदल्यात डोळ्याची, म्हणजे त्याचंही तेवढंच नुकसान होऊ दे. पोटात अन्न मागणं म्हणजे त्याचा डोळा मागणं नव्हे, असं मी म्हणाले. ते मला पटत होतं, पण वकिली वाटत होतं.

मग सिस्टरच म्हणाल्या, "आणि त्या विधवेचं काय? ती रोज न्यायाधीशाच्या दारात जाते ती." लूकचा अठरावा अध्याय. साहेबांनी मला तिसरं वचन ग्रीकमध्ये मोठ्याने वाचायला लावलं. विधवा म्हणते, माझ्या प्रतिपक्षाविरुद्ध मला न्याय दे. प्रतिपक्षाला शब्द 'अन्तिदिकोस'. न्यायाधीश देवाला भीत नाही की माणसाची पर्वा करत नाही, तरी तिच्या खेट्यांना कंटाळून न्याय देतो. आणि येशू ही गोष्ट सांगतो ती प्रार्थना करताना खचून जाऊ नये म्हणून, म्हणजे ती बाई त्याच्या दृष्टीने अनुकरणीय. माझ्या चिठ्ठ्यांत ती नव्हतीच, कारण तिच्या गोष्टीत माझं क्रियापद येत नाही. सिस्टर म्हणाल्या, मग दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर लावा. आता अभ्यासवर्गाच्या वहीत मत्तय ५:३९ च्या शेजारी लूक १८:३ लिहिलेलं आहे, सिस्टरांच्या अक्षरात.

एक वचन मात्र अजून बाहेर आहे. एक्केचाळिसावं : जो तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा. इथे क्रियापद 'अंगारेउओ', मूळ पर्शियन राजांच्या डाकेतून आलेलं, रोमी शिपायाने रस्त्यावरच्या माणसाला धरून ओझं वाहायला लावण्याचं. कुरेनेच्या शिमोनाला वधस्तंभ वाहायला लावतात तिथेही तेच. यात दावा नाही, साक्ष नाही, न्यायाधीश नाही; वेठबिगारीला दाद कुठे मागणार? तो कोस माझ्या कोर्टात बसत नाही. पाळकसाहेब म्हणतात, बसवूही नका.